लॅटिनमधील 'केलेरितेर': वेगाच्या क्रियाविशेषणाचा अर्थ, घडण आणि वापर

लॅटिन शिकू लागलेल्या मराठी वाचकाला 'केलेरितेर' हे क्रियाविशेषण अगदी सुरुवातीच्या धड्यांत भेटते आणि त्याच्यापुढे 'लवकर, वेगाने, त्वरेने' असे अर्थ लिहिलेले असतात. यांतील 'वेगाने' आणि 'त्वरेने' हे अर्थ बिनधोक आहेत, परंतु 'लवकर' हा शब्द मात्र घोटाळा करतो. त्याचे कारण लॅटिनमध्ये नसून मराठीत आहे, म्हणून या शब्दाचा अभ्यास मराठीच्या बाजूने सुरू करणे अधिक सोयीचे ठरते.

आधी 'लवकर' सोडवून घ्यावे

'मी रोज लवकर उठतो', 'पाऊस लवकरच येईल' आणि 'लवकर जेव, गाडी चुकेल' या तीन वाक्यांत एकच शब्द तीन निरनिराळी कामे करतो. पहिल्या वाक्यात तो घड्याळातील वेळ सांगतो, दुसऱ्यात वाट पाहण्याचा काळ थोडा उरला आहे असे सांगतो, आणि तिसऱ्यात चालू असलेल्या क्रियेची गती वाढवायला सांगतो. 'केलेरितेर' यांपैकी केवळ तिसऱ्या कामासाठी आहे. क्रिया केव्हा सुरू झाली किंवा किती वेळाने होणार आहे, याच्याशी त्याचा संबंध नसून सुरू झालेली क्रिया किती कमी वेळात उरकली, एवढेच ते सांगते.

म्हणून मराठीतून लॅटिनमध्ये वाक्य नेताना 'लवकर' दिसले की त्याच्या जागी 'भरभर' किंवा 'वेगाने' घालून पाहावे. 'लवकर जेव' याचे 'भरभर जेव' होते, तेव्हा तेथे 'केलेरितेर' चालेल. 'मी रोज भरभर उठतो' असे मात्र कोणी म्हणत नाही. तेथे 'माने', म्हणजे सकाळी, किंवा 'बेने माने', म्हणजे भल्या सकाळी, असे म्हणावे लागते. 'पाऊस लवकरच येईल' येथे 'मोक्स' हे क्रियाविशेषण योग्य आहे. ही कसोटी साधी असली तरी नवशिक्यांच्या निम्म्याहून अधिक चुका तिने टळतात, असे मला वाटते.

उच्चार आणि आघात

या लेखात लॅटिन शब्द देवनागरीत लिहिताना अभिजात काळातील उच्चार धरला आहे. त्या उच्चारात 'सी' (c) हे रोमन अक्षर, ज्याला आपण एरवी 'स' किंवा 'च' म्हणतो, ते सर्वत्र 'क' असते, त्यामुळे शब्द 'केलेरितेर' असा होतो. चर्चच्या परंपरेतील उच्चारात हेच अक्षर 'ए' आणि 'इ' या स्वरांपूर्वी 'च' होते आणि शब्द 'चेलेरितेर' असा ऐकू येतो. दोन्ही उच्चार आपापल्या जागी शुद्ध आहेत, पण एका पाठात एकच पाळावा.

देवनागरीतील 'ए' लांब वाटतो, पण या शब्दातील चारही स्वर ऱ्हस्व आहेत. लॅटिनचा नियम असा की शेवटून दुसरे अक्षर लघु असेल, तर आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर जातो. येथे शेवटून दुसरे अक्षर 'रि' लघु आहे, म्हणून जोर 'ले'वर द्यावा. मराठी माणूस सवयीने 'के'वर जोर देतो, तो टाळावा.

शब्द कसा घडतो

मूळ विशेषण 'केलेर', म्हणजे वेगवान. हे तिसऱ्या गणातील विशेषण असून त्याची पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी रूपे अनुक्रमे 'केलेर, केलेरिस, केलेरे' अशी होतात. या गणातील विशेषणांच्या अंगाला '-इतेर' हा प्रत्यय लावला की क्रियाविशेषण तयार होते: 'फोर्तिस' म्हणजे शूर, त्यापासून 'फोर्तितेर' म्हणजे शौर्याने, 'आकेर' म्हणजे तिखट किंवा तीव्र, त्यापासून 'आक्रितेर' म्हणजे त्वेषाने. अंग ओळखण्यासाठी स्त्रीलिंगी रूप पाहावे. 'आकेर'चे स्त्रीलिंगी 'आक्रिस' होते, त्यातला मधला स्वर गळतो, म्हणून 'आक्रितेर'. 'केलेर'चे मात्र 'केलेरिस' होते, स्वर टिकतो, म्हणून 'केलेरितेर'. पहिल्या-दुसऱ्या गणातील विशेषणांचा मार्ग वेगळा आहे. त्यांना दीर्घ 'ए' लागतो, जसे 'लोन्गुस' म्हणजे लांब, त्यापासून 'लोन्गे' म्हणजे दूर.

एकदा क्रियाविशेषण झाले की ते बदलत नाही, आणि हे मराठी कानाला मुद्दाम सांगावे लागते, कारण आपण 'तो चांगला गातो, ती चांगली गाते' असे क्रियेचा गुण सांगतानाही लिंगाप्रमाणे रूप फिरवतो. लॅटिनमध्ये धावणारा कोणीही असो, 'केलेरितेर' तसेच राहते. अर्थात लॅटिन कवींनाही आपल्यासारखी वाट माहीत होती. रोमन महाकवी व्हर्जिल याच्या महाकाव्याचा नायक एनियस कार्थेज नगराहून घाईने निघताना आपल्या माणसांना 'सोल्विते वेला किती' असे सांगतो, म्हणजे 'चपळ होऊन शिडे सोडा'. येथील 'किती' हे क्रियाविशेषण नसून 'कितुस' या वेगवाचक विशेषणाचे अनेकवचन आहे आणि ते माणसांशी जुळलेले आहे. (मराठी वाचक या शब्दापाशी क्षणभर अडखळणारच.)

तुलनेची रूपे आणि 'क्वाम'चे तीन अवतार

तुलनेची रूपे अशी: 'केलेरितेर' म्हणजे वेगाने, 'केलेरिउस' म्हणजे अधिक वेगाने, 'केलेर्रिमे' म्हणजे सर्वांत वेगाने. तिसऱ्या रूपात 'र' दुहेरी का होतो, याचे उत्तर असे की '-एर'ने संपणारी विशेषणे श्रेष्ठतादर्शक रूपात '-इस्सिमुस' न घेता '-रिमुस' घेतात. 'केलेरिस्सिमे' असे रूप तयार करण्याचा मोह अनेकांना होतो, पण अभिजात गद्यात ते चालत नाही.

मधले रूप 'केलेरिउस' हे खरे तर तुलनादर्शक विशेषणाच्या नपुंसकलिंगी द्वितीयेचे एकवचन आहे. संस्कृत शिकलेल्याला याचे नवल वाटणार नाही, कारण 'शीघ्रम्', 'शीघ्रतरम्' ही क्रियाविशेषणेही त्याच रीतीने बनतात. नाते याहूनही जवळचे आहे. लॅटिनचा '-इओर, -इउस' हा तुलनेचा प्रत्यय आणि संस्कृतचा 'ईयस्' हे एकाच मुळाचे आहेत. 'जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी' या ओळीत 'गरीयसी' हे ईयस् प्रत्ययाचे रूप आहे आणि 'स्वर्गात्' ही पंचमी 'स्वर्गापेक्षा' असा अर्थ देते. लॅटिनमध्येही 'पेक्षा' सांगण्याची एक रीत तशीच पंचमीची आहे. व्हर्जिलच्या महाकाव्यात समुद्रदेव नेपच्यून खवळलेले पाणी 'दिक्तो कितिउस' शांत करतो, म्हणजे शब्दापेक्षाही वेगाने, मराठीत सांगायचे तर बोलता बोलता. तेथील 'दिक्तो' ही पंचमीच आहे.

दुसरी रीत 'क्वाम' या शब्दाची आहे आणि विद्यार्थी अडतात ते येथेच, कारण हा शब्द क्रियाविशेषणाच्या कोणत्या रूपाबरोबर येतो त्यावर त्याचा अर्थ बदलतो. 'क्वाम केलेरितेर कुर्रित' म्हणजे 'किती वेगाने धावतो!' येथे क्रियाविशेषण साध्या रूपात आहे. 'केलेरिउस क्वाम फ्रातेर कुर्रित' म्हणजे 'भावापेक्षा अधिक वेगाने धावतो'. 'क्वाम केलेर्रिमे कुर्रित' म्हणजे 'शक्य तितक्या वेगाने धावतो'. वाचताना 'क्वाम' दिसताच अर्थ ठरवू नये. शेजारच्या शब्दाचे शेपूट आधी पाहावे आणि मगच भाषांतर करावे.

तिसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण रोमन सेनापती ज्युलियस सीझरने गॉलमधील, म्हणजे साधारणपणे आजच्या फ्रान्समधील, युद्धांच्या वृत्तांतात दिले आहे. इ.स.पू. 58 मध्ये जर्मन टोळ्यांचा नायक आरिओविस्टस याच्याविरुद्ध निघण्यापूर्वी त्याने धान्याची तरतूद 'क्वाम केलेर्रिमे पोतुइत', म्हणजे जितक्या त्वरेने करता आली तितक्या त्वरेने केली, आणि मग लांब लांब मजला मारीत तो शत्रूकडे गेला. येथे 'पोतुइत', म्हणजे 'त्याला शक्य झाले', हे क्रियापद उघडपणे आले आहे. बहुतेक ठिकाणी ते गाळले जाते आणि अर्थ तोच राहतो.

तुलनादर्शक रूप समोर तुलनेची वस्तू नसतानाही येते. अशा वेळी 'केलेरिउस'चा अर्थ 'जरा जास्तच वेगाने' असा घ्यावा. 'कोणापेक्षा?' असा प्रश्न विचारून वाक्यात नसलेली वस्तू शोधत बसू नये.

वाक्यात जागा

लॅटिन गद्यात क्रियाविशेषण बहुधा ज्या शब्दाचा गुण सांगते त्याच्या अलीकडे बसते, आणि क्रियापद शेवटी येत असल्याने 'मिलितेस केलेरितेर कुर्रुन्त' या वाक्याचा क्रम 'सैनिक वेगाने धावतात' या मराठी वाक्याशी शब्दशः जुळतो. मराठी विद्यार्थ्याला मिळालेली ही मोठी सवलत आहे. जोर द्यायचा असेल तर मात्र शब्द पुढे सरकतो. सीझरच्या छावणीत लिस्कस नावाचा एदुई जमातीचा पुढारी सर्वांसमक्ष एका बड्या माणसाविरुद्ध आडून बोलू लागतो, त्या प्रसंगी सीझर 'केलेरितेर कोन्किलिउम दीमित्तित', म्हणजे झटपट सभा उठवतो, आणि लिस्कसला तेवढे थांबवून घेतो. क्रियाविशेषण येथे कर्माच्याही आधी आले आहे. ही गोष्ट आणखी चारचौघांत बोलली जाऊ नये, या सीझरच्या निकडीचे सारे वजन त्या जागेत आहे, म्हणून भाषांतरातही 'सभा लवकर संपवली' असे पुळचट वाक्य न करता 'तत्काळ सभाच उठवली' असे काही करावे लागेल.

क्रियाविशेषण धातुसाधितालाही लागते. काळ्या समुद्राकाठच्या पाँटस या राज्यावरील विजयाच्या मिरवणुकीत सीझरने 'वेनी, वीदी, वीकी', म्हणजे 'आलो, पाहिले, जिंकले', हे तीन शब्द फलकावर मिरवले. चरित्रकार सुएटोनियस त्यावर म्हणतो की इतर फलकांप्रमाणे हा फलक युद्धातील घटना सांगत नव्हता, तर ते युद्ध 'केलेरितेर कोन्फेक्ती', म्हणजे झपाट्याने उरकलेले होते, याची खूण होता. सेला येथील ती लढाई इ.स.पू. 47 मधली आहे. 'केलेरितेर'चा नेमका अर्थ ज्याला एका उदाहरणात हवा आहे त्याने हे उदाहरण ध्यानात ठेवावे: युद्ध केव्हा सुरू झाले हा प्रश्नच नाही, ते उरकायला किती थोडा वेळ लागला एवढेच सांगितले आहे.

क्रियाविशेषण केव्हा टाळावे

मराठीतील 'वेगाने' हा शब्द मुळात 'वेग' या नामाची तृतीया आहे, त्यामुळे आपण त्याच्यामागे सहज विशेषण लावतो: 'विलक्षण वेगाने', 'भयानक वेगाने'. 'केलेरितेर' हे नाम नसल्याने त्याला असे विशेषण लागत नाही. अशा ठिकाणी 'केलेरितास', म्हणजे वेग, या नामाची पंचमी वापरावी. इ.स.पू. 57 मध्ये साबिस नदीकाठी नेर्वी टोळीने रोमन सैन्यावर अचानक झडप घातली, तेव्हा ते लोक 'इन्क्रेदिबिली केलेरिताते', म्हणजे विश्वास बसू नये अशा वेगाने, नदीकडे धावत उतरले, असे सीझर लिहितो. नामासोबत विशेषण असेल तर 'कुम', म्हणजे 'सह', हे अव्यय घातले काय आणि गाळले काय, दोन्ही चालते. विशेषण नसेल तर ते आवश्यक असते. साधे 'वेगाने' म्हणायचे असेल तर अर्थातच 'केलेरितेर' पुरेसे आहे.

कधी कधी वेग क्रियापदातच असतो. 'फेस्तीनो' आणि 'प्रोपेरो' म्हणजे घाई करणे. 'मातूरो' म्हणजे त्वरा करणे. अशा क्रियापदांजवळ 'केलेरितेर' घालणे म्हणजे 'घाईने घाई केली' असे लिहिण्यासारखे आहे.

शेजारचे शब्द

मराठीत 'पटकन', 'झटकन', 'भराभर', 'घाईघाईने', 'एकाएकी', 'ताबडतोब' असे वेगाशी संबंधित शब्द पुष्कळ आहेत आणि आपण ते नेमके वापरतो. लॅटिनमध्येही तसेच पुष्कळ आहेत, फक्त त्यांच्या सीमारेषा वेगळ्या ठिकाणी आहेत.

'स्तातिम' म्हणजे ताबडतोब. क्रिया किती वेगाने झाली हे त्यात नाही, मध्ये वेळ गेला नाही एवढेच आहे. आपल्याकडच्या रुग्णालयांत डॉक्टर औषधाच्या सूचनेपुढे 'स्टॅट' असे लिहितात, तो याच शब्दाचा आखूड तुकडा होय. परिचारिकेने इंजेक्शन लगेच द्यायचे असते, भराभर टोचायचे नसते. 'स्तातिम' आणि 'केलेरितेर' यांतला फरक याहून स्पष्ट होणे कठीण आहे.

'सुबितो' आणि 'रेपेन्ते' म्हणजे एकाएकी, अनपेक्षितपणे. आरिओविस्टसशी झालेल्या लढाईत शत्रू 'रेपेन्ते केलेरितेरक्वे' पुढे धावून आला, इतका की भाले फेकायलाही अंतर उरले नाही, असे सीझर सांगतो. शेवटचा '-क्वे' म्हणजे 'आणि'. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असता तर ते जोडून वापरण्याचे कारण नव्हते. एकाएकी धावले हे एक आणि वेगाने धावले हे दुसरे, आणि दोन्ही मिळून भाल्यांची संधी हुकली.

'वेलोकितेर' हे 'केलेरितेर'च्या सर्वांत जवळचे आहे, पण त्याचा कल शरीराच्या चपळाईकडे, पायांच्या वेगाकडे अधिक आहे. शत्रू पळून मागे हटतो तेथे सीझरही 'वेलोकिस्सिमे' लिहितो. सभा उठवणे, धान्य जमवणे, युद्ध संपवणे यांसारख्या कामांना 'केलेरितेर' शोभते. 'राप्तिम' म्हणजे घाईगर्दीत, कसेबसे, आणि त्यात कामाच्या दर्जाबद्दलची एक कुरकुर असते. घाईत खरडलेल्या पत्रासाठी रोमन वक्ता सिसेरो हाच शब्द वापरतो.

'केलेरितेर'मध्ये अशी कुरकुर नाही, आणि सम्राट ऑगस्टस याच्या आवडत्या वचनाचे मर्म यातच आहे. सुएटोनियसने नोंदवलेले ते वचन असे: 'सात केलेरितेर फिएरी क्विद्क्विद फीआत सातिस बेने'. जे पुरेसे चांगले होते ते पुरेसे वेगानेही झालेले असते, असा त्याचा आशय आहे. येथे 'राप्तिम' घातले तर वाक्य कोसळेल.

'कितो' आणि ऑलिंपिकचे ब्रीद

'कितो' हे या कुटुंबातील सर्वांत लवचिक क्रियाविशेषण आहे, आणि गमतीची गोष्ट अशी की आपल्या 'लवकर'शी तेच सर्वांत जास्त जुळते. त्यात गतीही आहे आणि अवकाश थोडा असल्याचा भावही आहे. त्याची पुढची रूपे 'कितिउस' आणि 'कितिस्सिमे' अशी आहेत. ओव्हिडच्या काव्यातील 'सेरिउस आउत कितिउस' याचा अर्थ 'उशिरा किंवा लवकर', म्हणजे आज ना उद्या, असा आहे. वेगाचा तेथे प्रश्नच नाही.

ऑलिंपिकच्या ब्रीदवाक्यात मात्र हाच शब्द निखळ वेग सांगतो. मराठी वृत्तपत्रे ज्याला 'सिटियस, अल्टियस, फोर्टियस' असे लिहितात, ते वाक्य हेन्री दिदों या डॉमिनिकन धर्मगुरूचे असून 1894 मध्ये पिएर द कुबेर्तां यांनी ते ऑलिंपिक चळवळीसाठी सुचवले. तिन्ही शब्द तुलनादर्शक क्रियाविशेषणे आहेत: 'कितो'पासून 'कितिउस', 'आल्ते'पासून 'आल्तिउस', आणि वर पाहिलेल्या 'फोर्तितेर'पासून 'फोर्तिउस'. म्हणून त्यांचे 'वेगवान, उंच, बलवान' असे विशेषणांनी केलेले भाषांतर ढिले ठरते. 'अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक जोमाने' असे म्हटले की क्रियेवरचा भर टिकतो. जुलै 2021 मध्ये टोकियो येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या तिघांना 'कोम्मूनितेर', म्हणजे एकत्रितपणे, हा चौथा शब्द जोडला. त्याची घडण 'केलेरितेर'सारखीच आहे, फक्त तो तुलनादर्शक नाही.

चर्चच्या लॅटिनमध्ये 'कितो', म्हणजे तेथील उच्चाराने 'चितो', पावलोपावली भेटतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकात, मिस्सा स्थानिक भाषांत होऊ लागली, त्यापूर्वी गोव्यात आणि वसईत वाढलेल्यांच्या कानांवर हा उच्चार पडलेला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू यहूदाला 'क्वोद फाचिस, फाक चित्सिउस', म्हणजे 'जे करतोस ते लवकर उरक', असे म्हणतो. येथे तुलनादर्शक रूप आहे, पण 'कशापेक्षा लवकर' हे सांगितलेले नाही, म्हणून ते निकडीचे समजावे.

गद्य आणि पद्य

शेवटची सूचना वाचनाविषयी आहे. 'केलेरितेर'ची पहिली तीन अक्षरे लघु आहेत. आपल्या छंदशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर शब्द न-गणाने सुरू होतो. लॅटिन महाकाव्याचे वृत्त एक गुरू व दोन लघु, किंवा दोन गुरू, अशाच गटांचे असते, त्यामुळे तेथे सलग तीन लघु बसूच शकत नाहीत आणि व्हर्जिलला हा शब्द वापरण्याची सोयच नव्हती. नाटकाचे वृत्त अधिक सैल असल्याने पब्लिलियस सायरस मात्र 'इनोपी बेनेफिकिउम बिस दात क्वी दात केलेरितेर', म्हणजे 'गरजवंताला जो त्वरेने देतो तो दुप्पट देतो', अशी ओळ लिहू शकला. पुढे लोकांच्या तोंडी 'बिस दात क्वी कितो दात' हे तिचे आटोपशीर रूप रुळले.

म्हणून महाकाव्य वाचताना वेगासाठी 'केलेरितेर' शोधू नये. तेथे 'कितो', 'कितिउस' आणि 'ओकिउस' हे शब्द त्याचे काम करतात. 'ओकिउस' हे तुलनादर्शक असून त्याचे साधे रूप लॅटिनमध्ये उरलेले नाही. 'अधिक वेगाने' याखेरीज 'चल, आटप!' अशा आज्ञेच्या सुरातही ते येते. ते पाठ करायला मराठी माणसाला कष्ट पडू नयेत, कारण 'आशुकवी' आणि 'आशुतोष' या शब्दांतील 'आशु' हा त्याचाच संस्कृत भाऊबंद आहे.